वाड्याची देवडी आणि घरचा राउटर

सुप्यासारख्या गांवीं जुन्या वाड्यास दरवाजा एक, खोल्या अनेक. आलेला पाहुणा कोणाचा, हें देवडीवरचा पहारेकरी पाही. घरांतील राउटर हा तोच पहारेकरी होय. जगास घराचा पत्ता एकच दिसतो. आंतील प्रत्येक यंत्रास राउटर निराळा, बहुधा १९२.१६८ नें आरंभ होणारा खासगी पत्ता देतो, आणि अनाहूतास परतवितो. पुण्यास राहणाऱ्या चिरंजीवांस घरचा कॅमेरा पाहावयाचा असेल, तर 'अमुक क्रमांकाच्या दारीं येईल त्यास कॅमेऱ्याकडे धाडावें' अशी आज्ञा द्यावी लागते. यासच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

प्रथम राउटरमध्यें कॅमेऱ्याचा खासगी पत्ता कायम करावा. मग पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर बाहेरील पोर्ट, तो पत्ता व आंतील पोर्ट भरावा. कित्येक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांस मिळून देतात. तेथें हा उपाय चालत नाहीं, स्वतंत्र पत्ता मागावा लागतो.

परंतु दार उघडलें कीं तें चोरासही उघडें. २०१६ सालीं 'मिराई' नामक दुष्ट आज्ञावलीनें, कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द तसाच राहिलेलीं लक्षावधि यंत्रें ताब्यांत घेतलीं; त्यांत कॅमेरे पुष्कळ होते. कॅमेऱ्यांत आपलींच मुलेंबाळें दिसतात, हें विसरूं नये. परवलीचा शब्द आधीं बदलावा, आणि काम सरतांच नियम काढून दार लावावें.