होम्फ्रेगंजचे चव्वेचाळीस

मराठी पर्यटकाचं अंदमान बहुधा सेल्युलर जेलपाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. सावरकरांच्या कोठडीत हात जोडायचे, संध्याकाळी ध्वनिप्रकाश कार्यक्रम बघायचा की यात्रा पुरी. पण सावरकरांना 1921 मध्ये तिथून हलवल्यानंतरही या तुरुंगाने माणसं खाल्ली, आणि तेव्हा किल्ल्या इंग्रजांकडे नव्हत्या.

23 मार्च 1942 रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं. इंग्रजांची फौज आधीच निघून गेलेली. प्रतिकार असा झालाच नाही. सुरुवातीला लोकांना वाटलं, सुटलो. लवकरच हेरगिरीच्या संशयावरून धरपकड सुरू झाली. डॉ. दिवाणसिंग हे पंजाबी कवी आणि इंडियन इंडिपेंडन्स लीगचे स्थानिक अध्यक्ष, म्हणजे कागदोपत्री जपान्यांच्याच बाजूचे. त्यांनाही पकडलं आणि त्याच तुरुंगात हालहाल केले. 30 डिसेंबर 1943 रोजी नेताजींनी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला, तेव्हा दिवाणसिंग तिथून जवळच गजांआड होते. 14 जानेवारीला ते गेले. झेंडा फडकला त्याला बरोबर महिना होत असताना, 30 जानेवारी 1944 रोजी, पोर्ट ब्लेअरजवळच्या होम्फ्रेगंजला जपान्यांनी हेरगिरीच्याच संशयावरून 44 जणांना गोळ्या घातल्या. त्यांतले बरेचजण लीगचेच.

युद्धाच्या अखेरीस अन्न संपत आलं, तेव्हा जपान्यांनी शेकडो लोकांना बोटींत भरून हॅवलॉक बेटाकडे नेलं आणि किनाऱ्यापासून दूर समुद्रात ढकललं. 2018 मध्ये त्या बेटाला ‘स्वराज द्वीप’ हे नेताजींनी सुचवलेलं नाव मिळालं. आज तिथे मधुचंद्राची जोडपी जातात. जावीत बापडी, पण नाव देताना या बुडालेल्यांचीही आठवण व्हायला हवी होती.

जपानी काळाच्या खुणा शोधाव्या लागत नाहीत. कॉर्बिन्स कोव्हच्या रस्त्यावर आणि रॉस बेटावर काँक्रीटचे बंकर उभे आहेत. पर्यटक त्यांच्यापुढे फोटो काढतात. तिरंगा फडकला तिथे स्मारक आहे, ते योग्यच. होम्फ्रेगंजलाही बलिदान वेदी आहे आणि दर 30 जानेवारीला तिथे श्रद्धांजली वाहिली जाते. उरलेल्या देशासाठी तो गांधीजींचा दिवस, त्यामुळे ही बातमी बेटाबाहेर फारशी येत नाही. शिवाय या मृत्यूंची अडचण अशी, की मारणारे जपानी नेताजींचे मित्र होते. अशा गोष्टीला पाठ्यपुस्तकात जागा मिळणं अवघडच.

सहलीच्या ठरावीक कार्यक्रमात होम्फ्रेगंज सहसा नसतं. टॅक्सीवाल्याला वेगळं सांगावं लागतं. सांगा.