मार खाणाऱ्याने जायचे कोणाच्या दारी?

मागच्या रब्बीत कांदा लागवडीच्या पाहणीला एका वस्तीवर गेलो होतो. हात गळ्यात अडकवलेला एक शेतकरी बांधावर बसून मजुरांना सरी दाखवत होता. मला वाटले, मोटारसायकलवरून पडला असेल. विचारले तर म्हणाला, "साहेब, पडलो नाही, पाडलं."

सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून रात्री भांडण झाले होते. भावकीतल्या दोघांनी धरून हात पिरगाळला. ठाण्यात गेला तेव्हा नुसती सूज दिसत होती, म्हणून तक्रार 'एन.सी.' म्हणजे अदखलपात्र लिहिली गेली. दुसऱ्या दिवशी एक्स-रेत हाड मोडलेले निघाले. पण तोवर मंडळींनी मारुतीच्या पारावर बसून प्रकरण मिटवले होते. हातात सळई टाकायचा खर्च बायकोच्या डोरल्यावर भागवला. "मिटलं ते त्यांचं," तो म्हणाला, "माझं कुठं मिटलं?"

गावात गुन्हा घडला की चर्चा सगळी आरोपीची होते. धरला का, जामीन झाला का, वकील कोणता लावला. ज्याचा हात मोडला, ज्याच्या घरचा कर्ता गेला, त्याला काय लागतं हे कोणी विचारत नाही. त्याच्यासाठीही कायद्यात सोयी आहेत, पण त्या आपल्या पायाने घरी चालत येत नाहीत. आणि कागद नसेल तर मुळीच मिळत नाहीत.

या शेतकऱ्याचेच पाहा. साधी दुखापत अदखलपात्र असते, तिचा तपास पोलीस न्यायालयाच्या हुकमाशिवाय करू शकत नाहीत. हाड मोडले की ती गंभीर दुखापत होते, म्हणजे दखलपात्र. तेव्हा ठाण्यात एन.सी. लिहून दिली म्हणजे काम संपले असे नाही. पोलिसांची यादी घेऊन ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्यावे, एक्स-रे निघाला की जखमेच्या दाखल्यासह पुन्हा ठाण्यात जावे आणि लेखी अर्ज देऊन कलम बदलून मागावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. खताच्या पावतीसाठी आपण दुकानदाराशी भांडतो, इथे मात्र गप्प राहतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद हद्दीचे कारण सांगून नाकारता येत नाही, कोणत्याही ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. कोणी नोंदवूनच घेत नसेल तर तीच हकीकत लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. शिवाय तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचे आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांमागे आमच्या मंडळातला एक शेतकरी रात्री कांदा चाळीपाशी राखणीला झोपला होता. चोरट्यांच्या हातून तो मारला गेला. चोरटे सापडले नाहीत. दहाव्यानंतर त्याची बायको सातबारा घेऊन माझ्याकडे आली. नवऱ्याच्या नावावर जमीन आहे, खात्याकडून काही मिळेल का, म्हणून विचारत होती. मी म्हणालो, "ताई, आमच्याकडे अपघाताची योजना आहे. हा तर खून. ते पोलिसांचं काम." बाई निमूट गेली.

रात्री झोप लागेना, म्हणून शासन निर्णय पुन्हा काढून वाचला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेच्या यादीत सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का यांच्या बरोबरीने 'खून' हा शब्द स्पष्ट छापलेला होता! मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये, अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. वारसानेच केलेला खून तेवढा त्यात बसत नाही. सकाळी उठून तिच्या घरी गेलो, माफी मागितली. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा आणि वारस नोंद असे सगळे जमवून २६ व्या दिवशी अर्ज दाखल केला. तलाठी आप्पांनी त्या आठवड्यात वारसाचे काम हातोहात केले, नाहीतर मुदत टळलीच असती. पैसे आले. ही योजना खातेदाराबरोबर घरातल्या एका बिगरखातेदार माणसालाही लागू आहे, १० ते ७५ वयापर्यंत. माझ्याच खात्यातल्या सहकाऱ्यांना विनंती, यादी एकदा नीट वाचा.

त्या बाईला दुसरी एक वाट होती, तीही तोवर कोणी सांगितली नव्हती. गुन्हेगार सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करू शकतात. २००९ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली. महाराष्ट्राची योजना २०१४ ची आहे आणि नव्या संहितेत हेच कलम ३९६ झाले आहे. अर्जाची चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावर प्राधिकरण तातडीच्या मोफत उपचाराचाही हुकूम देऊ शकते. खटला चाललेला असेल तर न्यायालय स्वतः शिफारस करते, आरोपी सुटला तरीसुद्धा.

प्राधिकरणाचे ऑफिस जिल्हा न्यायालयात असते, तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती. तिथेच वकीलही फुकट मिळतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांचे उत्पन्न बघत नाहीत. इतरांना वर्षाला ३ लाखांच्या आत लागते, म्हणजे आपल्यातले बरेच कोरडवाहू शेतकरी त्यात बसतात. फोन १५१००.

महिलांच्या बाबतीत उशीर फार महाग पडतो. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यात सरकारीच नव्हे, खाजगी दवाखान्यानेही तातडीने मोफत उपचार द्यायचे असतात. 'आधी एफआयआर आणा' हे उत्तर चालत नाही. भरपाईसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. 'सखी' केंद्रात डॉक्टर, पोलीस मदत, वकील, समुपदेशन आणि चार-पाच दिवस राहायची सोय एकाच ठिकाणी मिळते, फोन १८१. मुलांसाठी १०९८. आणि सरपंच-पोलीस पाटलांनी एवढे जपावे की पीडितेचे नाव ग्रामसभेत, व्हॉट्सॲपवर कुठेच येऊ नये, तो स्वतंत्र गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची मदत गुन्हा नोंदल्यापासून टप्प्याटप्प्याने मिळते, त्यासाठी समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जावे.

पीएम किसानच्या नावाने मोबाईलवर फाईल येते आणि खाते रिकामे होते, तो प्रकारही आता वाडीवस्तीवर पोचला आहे. तिथे १९३० वर लगेच फोन करावा. पैसे पुढे सरकले नसतील तर गोठवता येतात, सकाळी बँक उघडायची वाट पाहू नये.

कांद्यावाल्या त्या शेतकऱ्याने एक्स-रे घेऊन ठाण्यात अर्ज दिला, कलम वाढले. मग बिलांची प्लॅस्टिकची पिशवी काखेत मारून तालुक्याच्या कोर्टात गेला, विधी सेवेचा वकील मिळाला. परवा त्याचा फोन आला. तारीख नेमकी पेरणीच्या आठवड्यात लागली होती. "साहेब, सोयाबीन चार दिवस मागं पडलं तर चालंल का?" मी म्हटलं, "ओल असेल तर चालतंय. तारखेला जाऊन या."