अद्भुताचे वाचक

१९३६ सालची गोष्ट. लंडनमधील स्टॅन्ली अन्विन या प्रकाशकाकडे ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाने लिहिलेल्या बालकादंबरीचे हस्तलिखित आले. मुलांच्या पुस्तकाची खरी पारख मुलांनाच असते, असे अन्विन यांचे मत होते. म्हणून त्यांनी ते हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या, रेनरच्या, हाती दिले. पुस्तक वाचून लेखी अभिप्राय दिला म्हणजे रेनरला एक शिलिंग मिळत असे. एक ठेंगणा, घरकोंबडा गृहस्थ दूरच्या डोंगरातील नागाकडून धन परत मिळवण्यास निघतो, ही त्यातील कथा रेनरला आवडली. पाच ते नऊ वर्षांच्या सर्व मुलांना ती आवडेल, असे त्याने लिहून दिले. पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले. ते पुस्तक म्हणजे ‘द हॉबिट’ आणि ते प्राध्यापक म्हणजे जे. आर. आर. टोल्किन.

रेनर पुढे वडिलांच्याच व्यवसायात शिरला. टोल्किन यांचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा प्रचंड ग्रंथ छापावा की नाही, असा प्रश्न आला, तेव्हा त्यात हजार पौंड बुडण्याचा संभव दिसत होता. तरीही तो छापलाच पाहिजे, असे रेनरने वडिलांना कळवले. १९५४ व १९५५ या दोन वर्षांत तो तीन खंडांत बाहेर पडला आणि आजही तो जगभर आवडीने वाचला जातो. एका वाचकाच्या आवडीतून दोन थोर पुस्तके जगाला लाभली. अद्भुताच्या वाङ्मयात वाचकाचे स्थान किती मोठे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

अद्भुताची ओढ माणसाला नवी नाही. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त आकाशगामी विद्याधर आहेत, वेताळ राजाला कोडी घालतो, अरबी कथांमध्ये दिव्यातून राक्षस प्रकट होतो. या प्राचीन ओढीतून आज दोन शाखा वाढलेल्या दिसतात. एक अद्भुतकथा व दुसरी विज्ञानकथा. दोहोंतही न घडलेल्या गोष्टी घडतात. परंतु दोहोंचे नियम निराळे आहेत. अद्भुतकथेतील गालिचा मंत्राने उडाला तरी वाचकाची तक्रार नसते. त्या मंत्राचे नियम लेखकाने शेवटपर्यंत पाळले म्हणजे झाले. विज्ञानकथेतील यान मात्र का उडते, ते सांगावे लागते. ज्ञात विज्ञानाचा धागा धरून लेखक अज्ञातात पाऊल टाकतो आणि तो धागा तुटला की कथा कोसळते.

असे वाचन म्हणजे वेळेचा अपव्यय, असे अनेक वडीलधाऱ्यांना वाटते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात रशियातून येऊन स्थायिक झालेले एक गृहस्थ मिठाईचे दुकान चालवीत. दुकानात मासिकेही विक्रीला असत. आपल्या मुलाने ती वाचून डोके बिघडवू नये, अशी त्यांची सक्त ताकीद होती. १९२९ साली दुकानात एक नवे मासिक आले. त्याच्या नावात ‘सायन्स’ हा शब्द होता. मुलाने तो शब्द वडिलांना दाखवला. विज्ञानाचे मासिक आहे, तेव्हा वाचण्यास हरकत नाही, असे समजून त्यांनी परवानगी दिली. त्या मुलाचे नाव आयझॅक असिमोव्ह. पुढे तो रसायनशास्त्राचा अध्यापक झाला. तसेच यंत्रमानवाने कोणते नियम पाळावेत, याचा विचार मांडणाऱ्या प्रसिद्ध कथा त्याने लिहिल्या. यंत्रे विचार करू लागली असता त्यांना कोणती बंधने असावीत, हा प्रश्न आज शास्त्रज्ञांपुढे प्रत्यक्ष उभा आहे. असिमोव्हने तो १९४२ सालीच कथेतून विचारला होता.

कथा वाचून तिच्यावर नुसता विश्वास ठेवणे निराळे आणि तिची तपासणी करणे निराळे. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने १८६५ साली चंद्राच्या प्रवासावर कादंबरी लिहिली. तिच्यातील प्रवासी एका अवाढव्य तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे जातात. हेर्मान ओबेर्थ या मुलाला शाळकरी वयात ही कादंबरी मिळाली. तिची त्याने पारायणे केली आणि मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. पृथ्वीच्या ओढीतून सुटण्यास लागणारा वेग व्हर्नने बरोबर सांगितला होता. परंतु तोफेतून एकाएकी तेवढा वेग मिळाला, तर आतील माणसे क्षणात चिरडून जातील, हे ओबेर्थच्या ध्यानात आले. वेग हळूहळू वाढला पाहिजे. म्हणजे तोफेऐवजी अग्निबाण हवा. हाच विचार पुढे नेऊन त्याने १९२३ साली अग्निबाणाच्या साह्याने ग्रहांपर्यंत जाण्याविषयी ग्रंथ लिहिला. अवकाशप्रवासाच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या मोजक्या पुरुषांत त्याची गणना होते. १९६९ साली मानव चंद्रावर उतरला, तेव्हा ओबेर्थ हयात होता. कथेतील चूक शोधणाऱ्या वाचकाने कथेचे स्वप्न खरे करण्यास असा हातभार लावला.

परंतु सर्वच कल्पना सुखाच्या नसतात. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९१४ साली एका कादंबरीत अणुशक्तीने चालणाऱ्या बाँबची कल्पना केली आणि त्याने शहरे कशी बेचिराख होतील, याचे चित्र रंगवले. हे पुस्तक १९३२ साली लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाच्या वाचनात आले. दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये असताना त्याला अणूंच्या साखळी-प्रक्रियेची कल्पना सुचली. आनंदाबरोबर त्याच्या मनात भीतीही उभी राहिली. कारण या कल्पनेचा शेवट कोठे होऊ शकतो, हे त्याने वेल्सच्या पुस्तकात वाचले होते. म्हणून त्याने आपल्या शोधाचे एकस्व उघड होऊ न देता ब्रिटिश नौदलाच्या स्वाधीन केले. पुढे महायुद्धात जर्मनीच्या हाती हे अस्त्र आधी लागेल, या धास्तीने अमेरिकेने ते तयार करावे, यासाठी त्यानेच पुढाकार घेतला. तथापि जपानवर त्याचा प्रयोग करू नये, असा अर्जही १९४५ च्या जुलै महिन्यात त्यानेच आपल्या सहकाऱ्यांच्या सह्या घेऊन केला. तो अर्ज व्यर्थ गेला आणि ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकी ही शहरे उद्ध्वस्त झाली. पुस्तकाने धोक्याची सूचना दिली होती. परंतु धोका टाळणे हे पुस्तकाच्या हाती नसते. ते काम वाचणाऱ्या माणसांचेच असते.

या वाङ्मयाच्या वाचकांचा आणखी एक विशेष आहे. ते एकमेकांना शोधून काढतात. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक याने अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली जात. गावोगावी एकाकी असलेल्या वाचकांना आपल्यासारखेच वेडे दुसरीकडेही आहेत, असा शोध लागला. पत्रांतून मैत्री जमली, मैत्रीतून मंडळे निघाली आणि १९३९ साली न्यूयॉर्क येथे विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले. महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ या काळात त्यात खंड पडला. १९५३ साली या संमेलनाने उत्तम कथा-कादंबऱ्यांना पारितोषिके देण्यास आरंभ केला. गर्न्सबॅकच्या सन्मानार्थ त्यांना ‘ह्यूगो’ हे नाव मिळाले. पंडितांची समिती ही पारितोषिके ठरवीत नाही. संमेलनाचे सभासद असलेले वाचकच मते देऊन निवड करतात. त्यामुळे त्यांची यादी पाहिली असता या वाचकांची आवड कशी बदलत गेली, हे सहज कळून येते.

पूर्वी या यादीत इंग्रजी भाषेतील पुरुष लेखकांचेच प्राबल्य असे. आज वाचकांच्या हाती निरनिराळ्या देशांतील व समाजांतील लेखकांची पुस्तके दिसतात. अर्सुला ले ग्विन या लेखिकेच्या १९६८ साली निघालेल्या कादंबरीत एका द्वीपसमूहातील जादूगार मुलगा गर्वाने भलतीच शक्ती जागी करतो आणि अखेर स्वतःच्याच छायेला सामोरा जातो. ही कादंबरी अद्यापि वाचली जाते. एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेने वारंवार भूकंपांनी हादरणाऱ्या एका भूमीची कथा तीन खंडांत सांगितली. भूकंप शमवण्याचे सामर्थ्य ज्यांच्या अंगी आहे, त्यांनाच तेथील समाज दास करून ठेवतो. या तीनही खंडांना २०१६, २०१७ व २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षे ह्यूगो पारितोषिके मिळाली. असा मान तोवर कोणालाही मिळाला नव्हता.

चीनमधील लिऊ त्सशिन यांची हकीकत तर फारच मनोवेधक आहे. त्यांच्या बालपणी चीनमध्ये परदेशी पुस्तके मोकळेपणाने वाचण्याची सोय नव्हती. वडिलांनी ठेवलेल्या जुन्या पुस्तकांत त्यांना व्हर्नची पृथ्वीच्या पोटातील प्रवासाची कादंबरी सापडली आणि त्यांना या वाङ्मयाचा छंद लागला. पुढे वीजनिर्मिती केंद्रात अभियंता म्हणून नोकरी करीत असता त्यांनी ‘त्रिपिंड समस्या’ या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. तीन सूर्यांच्या ओढाताणीत सापडलेल्या ग्रहावरील जीव पृथ्वीकडे नजर वळवतात, असा तिचा विषय आहे. ती २००६ साली चिनी मासिकातून क्रमशः आली, २०१४ साली इंग्रजीत उतरली आणि २०१५ साली तिला ह्यूगो पारितोषिक लाभले. एका फ्रेंच लेखकाचे बीज चीनमध्ये रुजले आणि त्याची फळे जगाने चाखली.

महाराष्ट्रातही हे बीज रुजले आहे. भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणून अनेक पिढ्यांतील मुलांना समुद्रतळाची व चंद्राची वाट दाखवली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने भरवलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव खोटे होते. खरे लेखक होते विख्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या कीर्तीचा भार परीक्षकांच्या मनावर पडू नये, म्हणून त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेतली. अक्षर ओळखले जाऊ नये, म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहवून घेतली. त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल हेही विज्ञानकथा लिहीत असत. नारळीकर २०२५ साली निवर्तले. परंतु ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ ही त्यांची पुस्तके मराठी वाचकाच्या हाती आहेत.

अद्भुताचे वाचन म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे, हा समज कितपत खरा आहे, ते या उदाहरणांवरून ठरवता येईल. गुंगीसाठी वाचणाऱ्याला कोणतेही पुस्तक गुंगीच आणील. परंतु चांगला वाचक वाचता वाचता दोन प्रश्न विचारतो : ‘असे घडू शकेल काय?’ आणि ‘असे घडावे काय?’ पहिल्या प्रश्नाने ओबेर्थला अग्निबाणाकडे नेले. दुसऱ्याने झिलार्डच्या हातून अर्ज लिहवला. पहिला प्रश्न बुद्धीचा आहे, दुसरा विवेकाचा. हे दोन्ही प्रश्न घेऊन जो गोष्टीच्या राज्यात जातो, तो रिकाम्या हाती परत येत नाही.