पेरूची जेली आणि आपल्या मजुरीचा हिशोब

राहात्याचा पेरू कुणाला सांगावा लागत नाही. शिर्डीला येणारे भाविक वाटेत गाडी थांबवून पेरू घेतात. तरीही बागा एकदम भरात आल्या की भाव उतरतो. पिकलेला पेरू दोन-तीन दिवसांपलीकडे थांबत नाही, मग मिळेल त्या भावात द्यावा लागतो. अशा वेळी बचत गटात विचार निघतो, "आपण जेली करून विकू या." विचार चांगलाच आहे. पण कढई चुलीवर चढवण्याआधी वही उघडू या.

कच्चा माल तसाच न विकता त्यावर प्रक्रिया करायची, ही वाट आपल्या तालुक्याला नवी नाही. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणीच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा केलं आणि सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. ऊस पिकवणारे स्वतः कारखान्याचे मालक झाले. पण मालक झालं की खर्च, भाव आणि गिऱ्हाईक या तिन्हींचा विचार आपल्यालाच करावा लागतो. उद्योजकता म्हणतात ती हीच.

आता आपला हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, पाच किलो पेरूंपासून जेलीच्या 20 बाटल्या झाल्या. साखर 150 रुपये, बाटल्या 240, इंधन, लिंबू आणि लेबल 150. एकूण 540, म्हणजे एका बाटलीला 27 रुपये. ती 50 रुपयांना विकली तर 23 रुपये सुटले असं वाटतं.

पण काही खर्च राहिलेच. पेरू घरचे म्हणून धरले नाहीत, त्यांचे बाजारभावानं 100 रुपये. बाजारात न्यायला गाडीभाडं 100. दोघीजणी पाच-पाच तास राबल्या, तासाला 50 रुपये धरले तर 500. आता एकूण 1240 झाले, म्हणजे बाटलीला 62 रुपये. 50 ला विकली तर प्रत्येक बाटलीमागे 12 रुपये तोटा!

आपली मजुरी आपणच धरत नाही, म्हणून हा तोटा दिसत नाही. वर गटानं कर्ज घेतलं असेल तर हप्ता घरखर्चातून जातो. मग बायका एकेक करून बैठकीला यायच्या बंद होतात. गट मोडतो तो असा.

मग करायचं काय? पहिलं, माल निवडा. मोठा, डाग नसलेला पेरू तसाच विका, त्याला भाव मिळतो. लहान किंवा वरून खरचटलेला, पण आतून चांगला असलेला जेलीला ठेवा. फळमाशी लागलेलं फळ खाण्याच्या कामाला अजिबात घेऊ नका. जेली नीट जमायला पिकलेल्या पेरूबरोबर थोडे अर्धकच्चे पेरूही लागतात.

दुसरं, आधी 20 बाटल्याच करा. त्या कुणी घेतल्या, पुन्हा कुणी मागितल्या, कुणी भाव ऐकून परत गेलं, हे वहीत लिहा. लोक जो भाव द्यायला तयार आहेत त्यात खर्च निघत नसेल, तर खर्च कमी करा किंवा दुसरा पदार्थ बघा. थोड्यावर थांबलं तर नुकसानही थोडंच होतं.

तिसरं, विक्री सुरू करण्याआधी अन्नपदार्थाची नोंदणी करा. बाटलीवर तयार केल्याची तारीख आणि वजन घाला. शिकायचं असेल तर बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच तालुक्यात आहे. तिथं जाऊन विचारा.

पुढच्या बैठकीत वहीत एक नवा रकाना आखा आणि त्यावर 'आमची मजुरी' असं लिहा. तो भरल्याशिवाय कुठल्याही मालाचा भाव ठरवू नका.