खुलताबाद: शत्रूंना शेजारी करणारं गाव

दौलताबादचा घाट चढून वेरूळकडे निघालं की वाटेत खुलताबादची वेस लागते. लेणी गाठायच्या घाईत बहुतेकांची गाडी इथे थांबतच नाही. एकमेकांच्या जिवावर उठलेले राजे आणि सेनापती या तालुक्याच्या गावात शेजारी-शेजारी पुरलेले आहेत, हे त्यांच्या गावीही नसतं.

गावाचा उगम मात्र फकिरांचा. चिश्ती सूफी मुंतजिबुद्दीन १३०९ मध्ये इथे वारले. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, त्या लोंढ्यात बुऱ्हानुद्दीन गरीब आले. थोड्याच वर्षांत राजधानी परत गेली, पण ते राहिले, १३३७ मध्ये वारले आणि इथेच त्यांचा दर्गा झाला. भोवती वस्ती वाढली, तिचं नाव रौजा. खानदेशच्या फारुकी राजांनी तापीकाठी नवं शहर वसवलं, तेही बुऱ्हानुद्दीन यांच्याच नावाने: बुऱ्हाणपूर!

मग संतांच्या सावलीला राजेही आले. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा हबशी सेनापती मलिक अंबर आयुष्यभर मुघलांशी लढला. १६२६ मध्ये तो गेला, त्याची घुमटाची कबर इथे आहे. त्याच मुघलांचा बादशहा औरंगजेबही इथेच आहे आणि त्याने १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकून कैद केलेला शेवटचा कुतुबशहा, तानाशहाही इथेच. हैदराबादचा पहिला निजाम १७४८ मध्ये बुऱ्हाणपूरला वारला, त्यालाही या गावी आणलं.

औरंगजेबाची कबर जवळून पाहावी. छत्रपती संभाजी महाराजांना हालहाल करून मारणारा, मराठ्यांना संपवायला दक्षिणेत उतरलेला हा बादशहा पंचवीस वर्षं तिथेच झुंजत राहिला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला मेला. पुन्हा दिल्ली त्याला दिसली नाही. कबर सूफी संत झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली. वर नुसती माती आणि सब्जाचं रोप. संगमरवरी जाळी तर विसाव्या शतकात निजामाने बसवली. साधी कबर ही बादशहाचीच इच्छा होती. त्याला मरणोत्तर 'खुल्द-मकान' म्हणू लागले आणि रौजाचं खुलदाबाद, पुढे खुलताबाद झालं.

याच गावात निद्रिस्त भद्रा मारुती आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून हजारो भाविक चालत इथे येतात.

पुढच्या वेळी वेरूळला जाल तेव्हा निम्मा दिवस खुलताबादसाठी राखून ठेवा, आणि मलिक अंबरच्या कबरीपाशी जरूर जा. तिथे फार कमी लोक पोचतात.