गांजा आणि मज्जातंतूंचा एक विकार

वसईच्या किनाऱ्यावर वैशाखांतला दमट उकाडा सर्वांनाच नकोसा होतो. परंतु मल्टिपल स्क्लेरॉसिस हा विकार ज्याला जडला आहे, त्याचीं पावलें त्या उकाड्यांत जड होतात, दृष्टि धूसर होते. या रोगांत शरीराची संरक्षक शक्तिच मेंदू व मज्जारज्जु यांतील तंतूंवरचें आवरण कुरतडते. वेष्टन गेलेल्या तारेंतून प्रवाह चुकावा, तसा मेंदूचा हुकूम वाटेंत अडखळतो. रात्रीं पाय लाकडासारखे ताठतात. अशा वेळीं कोणी हितचिंतक हळूच गांजा सुचवितो. त्या सल्ल्यांत तथ्य किती?

कल्पना नवी नव्हे. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल असतांनाच, १५६३ सालीं, गोव्यांत छापलेल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्ता या वैद्यानें भांगेचें वर्णन केलें होतें. १८३९ मध्यें कलकत्त्यास डॉ. ओशॉनेसी यांनीं धनुर्वाताच्या आचक्यांवर गांजाचा अर्क देऊन पाहिला. रोगी प्रत्येक वेळीं वांचला असें नाहीं. पण आचके सौम्य होतात, हें त्यांच्या ध्यानांत आलें.

२००३ सालीं ब्रिटनमध्यें सहाशेंहून अधिक रोग्यांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. डॉक्टरांच्या मोजमापांत ताठरपणा फारसा उतरला नव्हता. रोगी मात्र आराम पडल्याचें सांगत होते. खरें औषध कोणतें, हें नशेवरून कित्येकांनीं ओळखलें असेल, ही शंका रास्तच. तथापि झोपेला आणि वेदनेला रोग्याच्या शब्दाविना दुसरी मोजपट्टी कोणती? पुढें २०१० मध्यें, इतर औषधें लागू न पडलेल्यांसाठीं, ठराविक मात्रेचा तोंडांत फवारण्याचा अर्क तेथें मान्य झाला. त्यानें ताठरपणा कांहींसा सैलावतो. रोग थांबत नाहीं.

चिलमींतल्या गांजाची गोष्ट निराळी. त्यांतील मात्रा कोणास ठाऊक नसते; शिवाय स्मृति, अवधान व तोल हीं या रोगानें आधींच दुबळीं होतात आणि गांजा त्यांवरच घाला घालतो. कायद्याचेंही भय आहेच. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखालीं गांजाच्या सेवनास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. त्याच वर्षीं या रोग्यांच्या साह्यार्थ मुंबईंत मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, हा योगायोग चमत्कारिक खरा.

ताठरपणावर बॅक्लोफेन, टिझॅनिडिन यांसारखीं औषधें व अंगव्यायाम येथें सुलभ आहेत. ज्यानें गुपचूप गांजा घेतला असेल, त्यानें तें निदान आपल्या डॉक्टरांपासून लपवूं नये. कारण या गोळ्यांनीं आधींच गुंगी येते, आणि दोन्ही मिळून ती इतकी वाढते कीं रात्रीं उठतांना रोगी पडतो.