साधा फ्रीज, पण निरोप देणारा

फ्रीज म्हटला की थंड पाणी, दूध नि भाजी एवढेच आपल्याला आठवते. परंतु ज्या घरी साखरेचा आजार आहे आणि रोज इन्सुलिन टोचावे लागते, त्या घरी फ्रीज ही औषधाची कोठी असते. नवतप्यात भर दुपारी लाईट जाते. घरची माणसे संत्र्याच्या बगिच्यात असतात, आणि ती परत येईतो लाईट आलेलीही असते. मधल्या पाच-सहा तासांत आत काय झाले हे सांगणार कोण?

इन्सुलिन बिघडले तरी पुष्कळदा बाटली पाहून कळत नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावयाची असते. उष्णतेने त्याचा जोर हळूहळू घटतो. मात्र एकदा गोठले तर ते टाकूनच द्यावे, मग वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसो. या गोठण्याकडे आपले लोक लक्ष देत नाहीत. एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लावून ठेवलेली बाटली सहज गोठते, आणि दारात ठेवली तर उघडझापीने तापते. तेव्हा मधला खण बरा. गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या लसीचेही असेच आहे. तिला ऊन सोसत नाही आणि बर्फही सोसत नाही.

सरकारी दवाखान्यांत हा प्रश्न फार मोठा होता. तेथे लसींसाठी बर्फाच्या अस्तराचा फ्रीज असतो. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो तग धरतो, पण तोही मुकाच. ई-विन नावाच्या योजनेने त्याला वाचा दिली. २०१५ पासून ज्या १२ राज्यांत ही योजना प्रथम सुरू झाली त्यांत आपले मध्य प्रदेशही होते. फ्रीज जुनाच ठेवला. त्यात तापमान मोजणारा लहानसा काटा बसवला आणि त्याला मोबाइलचे सिम जोडले. दर दहा मिनिटांनी नोंद होते, तासातासाने ती वर पोहोचते, आणि तापमान हद्दीबाहेर गेले की सांभाळणाऱ्याच्या फोनवर निरोप येतो.

एल.जी. कंपनीने इंटरनेटचा फ्रीज २००० सालीच काढला होता, पण त्याची किंमत आपल्या कामाची नाही. आपल्याला जवळचा आहे तो विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ काढून मोटार फोनवरून चालू-बंद करण्याची सोय केली. तिथेही मोटार जुनीच राहिली. फ्रीजचेही तसेच करता येते.

बाजारात ईएसपी ८२६६ नावाची वायफायची छोटी पाटी आणि डीएस १८ बी २० नावाचा तापमानाचा काटा मिळतो. दोन्ही मिळून खर्च हजार रुपयांच्या आत बसतो. मोबाइल दुरुस्त करणारा किंवा पॉलिटेक्निकचा मुलगा हे जोडून देईल. काट्याची बारीक तार दाराच्या रबरातून आत घ्यावी. फ्रीजला भोक मुळीच पाडू नये, आतल्या नळीला छिद्र पडले तर गॅस गेला. काटा पाण्याच्या लहान बाटलीत बुडवून ती बाटली औषधाशेजारी ठेवावी. नाहीतर दार उघडले की फोन ओरडेल, आणि चार दिवसांनी घरचे त्याचे ऐकेनासे होतील.

खरी अडचण वेगळीच आहे. लाईट गेली की वायफायही जाते, म्हणजे नेमक्या वेळी यंत्र गप्प! म्हणून पाटी आणि वायफाय दोन्ही बॅटरीवर ठेवावीत, आणि अर्ध्या तासात नोंद आली नाही तरीही फोनने सूचना द्यावी अशी मांडणी करून घ्यावी. फोनवरून फ्रीज बंद-चालू करणाऱ्या प्लगच्या नादी लागू नये. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर त्याला तीन ते पाच मिनिटे विसावा हवा. पोरांनी खेळ केला तर तो जळेल.

निरोप आला तर काय करावे? दार उघडून पाहू नये. बंद दाराचा फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. लाईट त्याहून लांबली तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डबीत घालावी, आणि ती डबी ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात सावलीत ठेवावी. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यात मडके चांगले काम देते. बर्फावर मात्र ठेवू नये. नंतर फोनमधील आकडे डॉक्टरांना दाखवावेत: किती अंश, किती वेळ. त्यावरून बाटली वापरायची की टाकायची ते सांगतील. नुसत्या धास्तीने चांगले औषध फेकणे गरिबाला परवडत नाही.

यंत्र बसवले की पहिल्याच दिवशी फ्रीजचे बटन बंद करावे आणि फोन वाजतो का ते पाहावे. मग बॅटरीही काढून पाहावी. दोन्ही वेळा वाजला तरच बनवणाऱ्याला पैसे द्यावेत.